सतरा अंश

बाहेर सेहेचाळीस. अजून चढेल म्हणतात.
आत, गोळीबार चौकामागच्या गल्लीत, जिन्याखाली,
माझ्या टेबलावर सतरा.

हे अंश वेगळे.
पातं शिकंज्यात धरायचं,
चुंबकाची डबी त्याला चिकटवायची,
आकडा थरथरतो, मग बसतो.
सळईवर दगड वर जातो, खाली येतो.
मनगटाला तिथं मत नाही.

तेहतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली.
तेव्हा असल्या सळयांना मी हसायचो.
आता माझ्या हातातली बशी वाजते,
म्हणून ही सळई.
गल्लीतली पोरं म्हणतात, काका, हे त चीटिंग होऊन राहिलं.
मी म्हणतो, टमाट्याला विचार बे.

चारशेचा दगड खरखरतो,
हजाराचा कुजबुजतो,
तीन हजाराचा ऐकायचा तर कूलर बंद करावा लागतो,
आणि वरून बायको ओरडते, कूलर काऊन बंद केला?

मग तार येते.
दिसत नाही. अंगठा आडवा नेला की
धारेच्या पलीकडं अडकते,
बोलणं संपल्यावरही दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखी.
तिला चामड्यावर वाटेला लावायचं, जोर न देता.
जोर दिला की गेलं सगळं.

माझ्या डाव्या हातावर केस उरलेले नाहीत.
प्रत्येक सुरीनं थोडे थोडे नेले.

गुरुवारी कुमुद सोनकुसरे आली.
पेपरात गुंडाळलेली सुरी, वरून दोन रबरबँड.
बाबांची. खानावळीतली.
तेराव्यापासून कोणी हात लावला नव्हता.
मुठीला अजून वास होता, खसखस, जळका कांदा.
"नव्यावानी करून द्या."

धारेवर काळा मार्कर फिरवला,
सतरावर दोन हात मारले, भिंग लावलं.
डावीकडची शाई साफ.
उजवीकडं नुसता खांदा खरचटलेला, धार काळीच.
अठरा केले. वीस. बावीस.
चोवीसला गेली.

म्हणजे दौलतराव
रोज पहाटे मोरीच्या फरशीवर
उजवी बाजू घासताना मनगट उचलत होते.
चाळीस वर्षं, तेवढंच,
सात अंश.
खांदा दुखत असेल,
किंवा त्याच वेळी मटणवाला पैसे मागायला येत असेल.
मला काय माहीत. मी त्यांच्याकडं दोनदाच जेवलो,
दोन्हीदा नाक पुसत.

सरळ करणं अवघड नव्हतं.
सळई सतराला आवळायची, तासभर चारशेचा दगड,
दोन्ही अंगं जुळी.
टूलरूममध्ये तेच केलं असतं, तिरपा नग म्हणजे भंगार.
पण जेवढं पोलाद निघालं असतं
ते दगडावरच्या काळ्या पाण्यात,
आणि ते पाणी मी नालीतच ओततो.

स्क्रू सैल केला.
डावीकडं सतरा, उजवीकडं चोवीस.
बाजू पालटली की आकडा पालटायचा,
प्रत्येक दगडाला, मग चामड्यालाही.
कंटाळवाणं काम. दोनदा चुकलो.
संध्याकाळी डाव्या अंगात ट्यूबलाइट अख्खी उतरली,
उजव्यात तिचा फक्त एक दोरा.

कुमुदनं बिलबुकाचं पान कापलं. आवाज नाही.
मग माझ्या डब्यातला कांदा घेतला.
सुरी डावीकडं सरकली, थोडीशी.
ती थांबली.
"काका, हे त तिरपीच जाऊन राहिली."
"हो. तशीच होती."

तिनं पातं उजेडात धरलं, बराच वेळ.
कांदा पूर्ण कापला,
डोळ्यांत पाणी न येता. धार अशी असली की
कांद्याला कळत नाही.
मग सुरी पेपरात गुंडाळली, एकच रबरबँड लावला.

"किती झाले?"
"ऐंशी."
"पाटीवर त साठ लिहिले आहेत."
"दोन कोन लागले ना, बाई."

तिनं शंभरची नोट ठेवली.
वीस सुटे शोधताना माझा हात वाजला.
मी कूलर लावला.