सतरा होड्या

स्टाइनवोगच्या टोकाला, शेवटचं घर.
एल्डब्यर्गबाईंचा पाचवा फोन:
रात्री तीनला सगळं विझतं.
सकाळी फ्रीजरखाली डबकं,
आणि मी जाकीट घालून अंथरुणात.

दिवसभर शोधलं.
ऑडमुंडनं एकेक सर्किट सोडवून मेगर लावला:
न्हाणीघराच्या फरशीखालची तापणारी वायर,
पाण्याची टाकी, स्वयंपाकघर,
मेंढवाड्यातला दिवा, काचेत मेलेल्या माश्या.
सगळे निर्दोष. सगळे साळसूद.
"कुठंतरी पाणी मुरतंय," तो म्हणाला,
मेगर पिशवीत टाकला, आणि थेट बाईंकडे जेवण मागितलं.

मला म्हणाला, तू समजाव त्यांना.
मी शिकाऊ. पुस्तकातलं बोलू लागले:
जाणारा प्रवाह, येणारा प्रवाह, त्यांची बेरीज,
तीस मिलिअँपिअर, माणसाचं हृदय...
बटाटा सोलता सोलता बाईंनी थांबवलं.
"म्हणजे होड्या मोजणं."

आधी त्यांच्या आईचं काम होतं ते, मग त्यांचं.
याच खिडकीतून, फेब्रुवारीत, कॉड यायच्या दिवसांत.
पहाटे सतरा गेल्या. संध्याकाळी सतरा आल्या.
कोण कुठं गेलं, किती मासळी, ते विचारायचं नाही.
फक्त आकडा.
"एकदा सोळा आल्या."
एवढं बोलून त्यांनी सुरीच्या टोकानं
बटाट्याचा डोळा काढला.

मग म्हणाल्या, "पण त्या रात्री आम्ही
घराघरांत दिवे लावून ठेवले होते.
तुमचा हा खटका सोळा दिसल्या की दिवेच घालवतो.
ही कुठली रीत?"

ऑडमुंड चावायचा थांबला.
माझ्याकडे उत्तर होतं:
की हरवलेली ती एक जमिनीकडे जाताना
वाटेत कुणाच्यातरी अंगातून जाईल,
ओला हात, नळाची तोटी, अनवाणी पाय.
पण ते त्या टेबलावर मांडवेना.

तीनला दहा कमी.
फ्यूजबॉक्ससमोर स्टुलावर मी,
दोन्ही तारा एकाच चिमट्याच्या जबड्यात.
बारा मिलिअँपिअर.
हे रोजचं: टीव्ही, हीट पंप, चार्जर,
ज्याची त्याची चिमूटभर,
गुन्हा म्हणावा एवढी कुणाचीच नाही.
तीनला टाकीपाशी टक् वाजलं.
स्वस्त विजेच्या तासांसाठी नातवानं बसवलेला टायमर.
दिवसा कॉइल त्याच्या मागे झोपलेली,
मेगर तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.
पंधरा. एकोणीस. चोवीस.
अंधार.
अंधारात ऑडमुंडचं हसू ऐकू आलं.

कॉइल बाहेर काढली तेव्हा तिच्यावर एक चीर,
केसाएवढी, चुन्यानं पांढरी.
दुपारच्या बोटीनं नवी आली.

"आता किती?" बाईंनी विचारलं.
टाकी चालू होती. मी चिमटा लावला. "बारा."
"शून्य का नाही?"
"शून्य कधीच येत नाही," ऑडमुंड म्हणाला,
"तारा असल्या की थोडं जातंच. तेवढं चालतं."
"होड्यांत नाही चालत," त्या म्हणाल्या,
रागानं नव्हे, नोंद करावी तसं,
आणि कढईकडे वळल्या.
वितळलेल्या कॉडच्या जिभा तळून, कागदात गुंडाळून
आमच्या हातात दिल्या.
त्या परत गोठवायच्या नसतात.