आवडीनं खाते

कांदाचाळ उपसली तेव्हा खालचा थर काळा निघाला,
कोंब फुटलेला, पाणी सुटलेला.
फेकायचा कुठं? नाल्यात टाकला तर वाळीबा भांडतो.
भाऊजी म्हणाले, घाल कवडीला, आवडीनं खाते.
आणि खायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून
मी रोज दोन पाट्या ओतायचे,
ती डोळे मिटून कचाकचा चावायची.
मला वाटायचं, टाकळीत हिच्याइतकं सुखी कोणी नाही.

पहिलं कळलं ते डेअरीवर.
फॅट बरोबर, डिग्री बरोबर, यंत्राची तक्रार नव्हती.
आयाजनं मात्र झाकण उघडून नाक मागं घेतलं,
कॅन बाजूला सरकवला:
मावशी, ह्याचा चहा केला तर गिऱ्हाईक भजी मागेल.
रांग हसली. मीही हसले.
घरी येऊन मांजरीपुढं वाटी ठेवली,
तिनं वास घेतला आणि चुलीमागं जाऊन बसली.

मग एका सकाळी गोठ्यात मूत दिसलं,
कोऱ्या चहाच्या रंगाचं.
उन्हाळी लागली असेल, जो तो म्हणाला. धने भिजवून पाजा.
मी पाजले.
दुपारी कवडी उठताना पुढचे गुडघे टेकून
तशीच थांबली, काहीतरी विसरल्यासारखी.

गांगुर्डे बाई स्कूटीवर आल्या,
बुटांना दुसऱ्याच कुणाच्या गोठ्याचं शेण.
कवडीची पापणी उलटून पाहिली,
माझं बोट धरून तिच्या ओठाखाली नेलं.
हिरडी पांढरी. भिजलेल्या कागदासारखी.
काय घालता?
मी सांगितलं.
बाई रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं.
रक्त फुटतंय तिचं, म्हणाल्या, आतल्या आत,
तेच मुतातून जातंय.
वैरणीत कालवून थोडा चालला असता.
पाटीनं नाही.

ह्याच कांद्यानं गोठ्यावर पत्रे आले होते.
ह्याच कांद्याचा वास माझ्या हाताला,
लग्नाआधीपासून.

बाईंनी कानाची नळी माझ्या कानात घातली,
दुसरं टोक कवडीच्या डाव्या कुशीवर,
भुकेचा खळगा पडतो तिथं.
ऐका.
आधी नुसता माझाच श्वास.
मग फार खालून, घाटात मालट्रक चढावा तशी
एक गडगड. आणि परत काही नाही.
दोन मिनिटांत एकच? तीन तरी हव्यात.

तुम्ही गाईला खाऊ घालताच कुठं, बाई म्हणाल्या,
आत वस्ती आहे, डोळ्याला न दिसणारी, कोट्यवधींची.
गवत त्यांचं. ते आंबवतात, फोडतात,
त्यांनी शिजवलेलं मग हिच्या अंगी लागतं.
पान एकाएकी बदललंत तर
ती सगळी पंगत उपाशी उठते.

रात्री मी त्यांचाच विचार करत पडले.
तेरा वर्षं माझ्या गोठ्यात एवढी माणसं जेवतात
आणि मी कधी विचारलं नाही,
वाढू का, पुरे का.

येवल्याहून बाजरीचं सरमाड आणलं,
खडखडीत, सोन्यासारखं.
मिठाची चाट टांगली, खनिजाची पुडी मोजून.
कवडीनं पहिल्या दिवशी तोंड लावलं नाही,
माझ्याकडं बघितलं,
पाहुण्याला शिळं वाढल्यावर पाहुणा बघतो तसं.
दूध निम्म्यावर आलं. त्याहून खाली आलं.
आयाज रोज विचारायचा आणि मी रोज मान हलवायचे.

सोळाव्या दिवशी, उन्हं कलताना,
ती बसल्या जागी एकदम थांबली.
गळ्याखालून एक गोळा वर चढताना मी पाहिला,
विहिरीतून बादली यावी तसा, सावकाश, भरलेला.
मग जबडा आडवा फिरायला लागला.
शेणाचे हात तसेच धरून मी मोजत राहिले,
सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस,
एकोणसाठला तिनं गिळला
आणि लगेच दुसरा वर आला.

भाऊजींनी खड्डा खणून उरलेला कांदा पुरला.
चुना थोडा कमी पडला.
वारा तिकडून सुटला की वास येतो,
वाळीबा ओरडतो,
आणि कवडी, अजूनही,
दावं ताणून त्या बाजूला मान करते.