हरिपूरचे नमुने

पेपरात आलंय : सांगलीचा पारा एक्केचाळीसवर.
हौसाबाई विचारते,
तुझा त्यो पारा आन् ह्यो पारा, एकच का गं?
मी म्हणते, आता एकच होत चाललाय.
मग वाटतं, हे जरा जास्तच झालं.
अहवालात असं लिहिता येत नाही.

संगमावर कृष्णा गुडघाभर, वारणा त्याहून उथळ.
नळी रोवून मी तळाचा गाळ वर ओढते :
काळा, कोमट, नासक्या अंड्याच्या वासाचा.
पुरानं कुठून कुठून आणलेलं इथं निजवून ठेवलंय.
पाणी तापलं, त्यातली हवा सरली
की गाळातले जंतू कामाला लागतात,
पाऱ्याला अंगात शिरायची वाट दाखवतात.
गाळातून किड्यात, किड्यातून चिलापीत,
चिलापीतून मरळीत,
मरळीतून
हौसाबाई कालवणाचं पातेलं पुढे सरकवते.
जेवते मी. नाही कसं म्हणणार.

बंडू काशीद सलूनमध्ये गिऱ्हाइकांचे केस जपून ठेवतो,
मुळाकडची बाजू दोऱ्यानं बांधून,
उरलेल्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांत.
वर बॉलपेननं : वय. आठवड्यात मासा किती वेळा.
हौसाबाईनं वेणीतून स्वतःच कापून दिले.
केस महिन्याला नखाएवढा वाढतो;
तिच्या वेणीत दोन वर्षं आहेत.
मधे श्रावण आले, मासा बंद,
तिथं आकडा उतरायला हवा.
उतरतो का, बघायचंय. यंत्राचा नंबर जूनमध्ये.

विट्याला आप्पा.
तीस वर्षं गलाई, कोईमतूरला, एका माडीवर.
पाऱ्यानं सोनं धरायचं, आगीवर पारा सोडून द्यायचा,
खिडकी एक, तीही जिन्याकडे.
सुट्टीत गेलो की आम्हाला बशीत पारा मिळायचा खेळायला.
बोट लावलं की थेंब चारी दिशांना.
आम्ही ओरडायचो, मास्तर आले, मास्तर आले!

आता बशीत चहा राहत नाही त्यांच्या हातून.
स्टीलचा पेला, तोही अर्धा.
परवा म्हणाले, माझेबी केस घे की.
मी म्हणाले, आप्पा, ती वाफ केसांत उतरत नाही.
मग कुठं उतरते, हे त्यांनी विचारलं नाही.
पेला दोन्ही हातांनी धरला.

तरी एक पाकीट आहे त्यांच्या नावाचं.
अक्षर बंडूचं नाही.
वय : चौऱ्याहत्तर.
मासा : कधीच नाही, माळकरी.