लेहतिनेन आणि मुलगी

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पहिली शिवी आली.
कॉफी अजून गाळायची होती.
माणूस म्हणाला, काल जेवताना तिसऱ्यांदा फोन केलात,
लाज कशी वाटत नाही?
मी म्हणाले, आम्ही केला नाही.
तो म्हणाला, नंबर तुमचाच दिसतोय.

नंबर आमचाच.
व्हॅनच्या दारावर आजोबांनी ब्रशने काढलेला,
साताचा आकडा जरा कललेला,
दुलुथच्या बर्फावर टाकतात त्या मिठाने खालून खाल्लेला.
दोरीवरचा शर्ट उचलून न्यावा
तसा कुणीतरी तो उचलून नेलाय
आणि अंगात घालून
गावभर दारं ठोठावतोय:

लेटिनेन कंपनीतून बोलतोय, मॅडम,
खिडक्यांवर निम्मी सूट, आजच्यापुरती,
आमचा माणूस तुमच्याच गल्लीत आहे.

आमचा माणूस!
आमचा माणूस म्हणजे बाबा,
गल्ली सोडा, गुडघ्यामुळे जिनासुद्धा उतरत नाहीत.
आणि मी.
आणि दर गुरुवारी, शुद्धीत असला तर, ऑर्विल.

पोलिसांनी फॉर्म दिला.
'काय चोरीला गेले' या रकान्यापाशी
मी पेन धरून बसून राहिले.
शिडी आहे. रंधा आहे. काचा मोजून आहेत.
फोन कंपनीतला मुलगा म्हणाला, नंबर बदला.
बाबा म्हणाले, म्हणजे चोर सोडून
संन्याशानेच गाव सोडायचं.

व्हर्ना हाल्वरसनने कार्डावरून नऊशे डॉलर दिले होते.
मंगळवारी माणूस येणार म्हणून
सोफा भिंतीपासून ओढला, एकटीने, एक्क्याऐंशीव्या वर्षी,
पडदे काढले, धुतले, इस्त्री केले,
दालचिनीचा केक केला.
बुधवारीही सोफा मधेच होता.
हे मला नंतर कळलं.
आधी मी फोन केला, तर म्हणाली,
ओळखते तुला,
आणि ठेवून दिला.

मग मी तिच्या दारात व्हॅन लावली
आणि तिथूनच पुन्हा केला.
पडदे नसलेल्या काचेतून ती मला पाहत होती,
मी तिला,
दोघींच्या कानाला फोन.
व्हॅन काय, रंगवता येते, ती म्हणाली.
मी म्हणाले, तुमच्या कोठीची खिडकी
डाव्या बाजूला बोटभर उघडी राहते.
बाबांनी दोनदा रंधा मारायला घेतला
आणि तुमच्या नवऱ्याने दोनदा हात धरला.
मांजर तिथून ये-जा करते म्हणाला.

बराच वेळ काही नाही.
मग कडी.
मांजर गेलं, ती म्हणाली, दोन हिवाळे झाले.
केक शिळा आहे. खाशील?

खाल्ला.
नऊशे डॉलर मी भरून दिले नाहीत,
आमच्याकडेही नव्हते.
सोफा मात्र ढकलला जागेवर.
निघताना ती म्हणाली,
खरं सांगू, तो पोरगा तुझ्यापेक्षा गोड बोलत होता.
माझी झोप कशी आहे ते विचारलं त्याने.
तुम्ही लेहतिनेन
मोजपट्टी काढता आणि मोजता.

मी परत आत गेले, झोपेबद्दल विचारायला.
आता कशाला, म्हणाली.

रात्री घरी फोन वाजला.
पडद्यावर आमचाच नंबर.
आमच्याच घरातून आम्हालाच.
मी हात मागे घेतला, बाबांनी उचलला,
आणि सगळं ऐकून घेतलं,
निम्मी सूट, आजच्यापुरती, तुमच्याच गल्लीत,
एखाद्या उमेदवाराची मुलाखत घ्यावी तसं,
मधे न बोलता.
शेवटी म्हणाले,
पोरा, नाव तरी नीट घे.
ह गिळतोस तू.
लेह. तिनेन.

पलीकडे थोडी खरखर,
मागे कुठेतरी शंभर जण बोलत असल्यासारखी.
मग तो आवाज, तरुण, मन लावून,
शाळेत उभं केल्यासारखा:
लेह. तिनेन.

अगदी बरोबर.
बाबांनी फोन ठेवला
आणि माझ्याकडे बघितलंच नाही.