थोडी थंडी

पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं:
थंडी लागल्याशिवाय हे बी जागं होत नाही.
मृदुलावहिनी म्हणाल्या, मग फ्रीजमध्ये ठेव की,
ओल्या फडक्यात, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात.
पण फ्रीजची थंडी ती कसली,
दार उघडलं की दिवा लागतो तिला.
मला हवी होती
पाषाणच्या तळ्यावरून पहाटे चारला येते ती,
सुतारवाडीतल्या कुणाच्या तरी बंबाचा
धूर अंगाला लावून.

दुधाच्या पिशव्यांना तळाशी भोकं पाडली.
निम्मी पोयटा माती, निम्मं कोकोपीट, मूठभर वाळू,
वर लार्कस्परचं बी, कांद्याच्या बियांसारखं काळं.
चौदा पिशव्या, पार्किंगच्या भिंतीलगत,
जिथं ऊन पोचायला अकरा वाजतात.
आइसक्रीमच्या काडीवर तारीख: नऊ डिसेंबर.

मग रोज पेपरात आधी किमान तापमान.
बारा. अकरा पूर्णांक सहा. परत चौदा,
कुठूनसे ढग आले, आणि मी ढगांवर चिडले
भिशीचा हप्ता बुडवणाऱ्या बाईवर चिडावं तशी.
मग एकदाचं नऊ.

त्या रात्री टॉर्च घेऊन खाली गेले
तर सुभानभाईंनी शेकोटी केलेली,
बदामाच्या वाळक्या पानांची, नेमकी त्याच भिंतीला.
पिशव्यांवर तांबूस उजेड हलत होता.
मी म्हणाले,
(हो, मीच म्हणाले, शाल अंगाभोवती घट्ट ओढून)
इथं नका ना पेटवू.
यांना थंडी लागायला हवी.

त्यांनी कानटोपी वर सरकवली.
पिशव्यांकडे पाहिलं. मग शालीकडे.
उदगीरचा माणूस, हसायला वेळ घेतो.
"माझी घ्या की थोडी, मॅडम.
लई उरलीय."

दोघांनी मिळून पिशव्या हलवल्या,
दोन-दोन करून, गेटाबाहेरच्या कट्ट्यावर.
शेकोटी होती तिथंच राहिली.
थोडा वेळ मीही राहिले, हात पुढे करून,
काय बोलावं ते न सुचून.

पाच जानेवारीला सकाळी सहाला बेल.
ड्युटी संपवून जिना चढून आलेले,
एवढंच म्हणाले: "उठली."

सात पिशव्यांत. उरलेल्या सातांत माती नुसती.
पेपर मी अजूनही तापमानापासूनच वाचते.
नऊ दिसलं की आधी आठवायला लागते,
काल रात्री गेटावर
कुणाची पाळी होती.