तेलाचा उतार

उघाडे सर येळ्ळूरहून गाडी घेऊन आले,
मागच्या सीटवर खोकं, त्याला सीटबेल्ट लावलेला.
"टर्बो आहे," म्हणाले, हळू आवाजात,
शेजारच्या घरातली गोष्ट सांगावी तसं.

पांढरी छोटी गाडी. तीन सिलिंडर, हजाराला दोन कमी सीसी.
एकोणतीस वर्षं ड्रॉइंग शिकवून
ग्रॅच्युइटीतून घेतलेली.
"सर, ह्या वयात?"
"वय इंजिनाचं बघ की. त्रेपन्न हजार किलोमीटर फक्त."

खोक्यात सगळं होतं, फक्त ह्या गाडीचं नव्हतं.
मॅनिफोल्डची भोकं एका बोटानं सरकलेली.
मी डोकं खाजवत बसलो.
सरांनी भिंतीवरचं फौंड्रीचं कॅलेंडर काढलं,
मागच्या कोऱ्या बाजूवर फ्लँज रेखली,
कंपास नव्हता, वॉशर ठेवून गोल मारले.

उद्यमबागेत दोन शेड सोडून इराप्पा बडिगेर.
त्यानं कागद उजेडाला धरला.
"एष्टु एमएम, सर?"
"बारा."
"हन्नेरडु," स्वतःशीच म्हणाला, आणि प्लेट मशीनला लावली.
दोघांचं बोलणं तेवढंच. फ्लँज केसभरही चुकली नाही.

दादापीरनं पाइप जोडले.
वेल्डिंगच्या टाक्यांवरून बोट फिरवत सर म्हणाले,
"दहापैकी नऊ."
"एक का कापला?"
"खाली सही नाही केलीस."

मी समजावून सांगितलं:
इंजिन जो धूर बाहेर टाकतं,
त्याच्याच जोरावर एक पंखा फिरतो,
त्याच दांड्यावरचा दुसरा
ताजी हवा कोंबून आत भरतो.
"म्हणजे टाकलेल्या श्वासावर पुढचा श्वास."
"तसंच की सर. पण पेट्रोल कमी पडलं तर पिस्टनला भोक."
त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. दोन्ही.

तेलाचं मात्र वेगळं.
वर जाताना त्याला पंप ढकलतो.
परत येताना कुणी नाही, नुसता उतार.
नळी जरा आडवी पडली, कुठं पोट आलं,
की तेल तुंबतं, सील सोडतं,
सायलेन्सरमधून निळं निळं.
म्हणून संप उतरवला, भोक पाडलं,
नळी कापली. पुन्हा कापली.
नट-बोल्ट कुंद्याच्या रिकाम्या डब्यात,
आणि सर गाडीखाली पोत्यावर आडवे, टॉर्च धरून.
तिसऱ्यांदा विचारलं, "अंश किती ठेवतोस?"
"अंश कसले सर. आपलं आपण पडाय पाहिजे तेल."
टॉर्च जरा हलला.

वंटमुरीचा घाट, पहाटे पाच.
पुढं उसाच्या ट्रॉल्या, टेपवर भजन की काय लावलेलं.
सर चालवत होते. पाय दाबला.
गाडी विचार करत बसली.
"हेच का त्यासाठी मी..."
पुढचं वाक्य मागंच राहिलं.
बोनेटखाली कुणीतरी लांबून शीळ घातली,
काटा शून्य पॉइंट चारवर,
एक ट्रॉली गेली, दुसरी गेली, भजन गेलं,
बावीस वर्षं स्पॅनर धरलेला माझा हात
दाराच्या हँडलला चिकटलेला,
आणि सर खाली ओठ दाबून,
रेघ न हलता मारायची असते तसे.

वर सपाटीला गाडी बाजूला घेतली.
हात किल्लीकडं गेला, तो मी धरला.
"नको. लगेच नाही.
आत लाल झालंय सगळं. बंद केलं की तेल थांबतं,
पंखा मात्र फिरतच असतो.
आतल्या आत जळून कोळसा होतो तेलाचा.
एक मिनिट असंच चालू राहू दे."

सर किल्लीवर बोटं ठेवून बसले.
"मला साडेपाचला नारळ दिला," म्हणाले,
"पावणेसहाला ड्रॉइंग हॉलला कुलूप.
रंगाच्या बश्या धुवायच्या राहिल्या होत्या."

इंजिन न्यूट्रलमध्ये, बारीक.
काच थोडी खाली. गरम लोखंडाचा वास.
मिनिट होऊन गेलं, मी सांगितलं नाही.
भजन आधी ऐकू आलं, मग दिवे दिसले,
आणि ट्रॉल्या एकेक करून
परत आमच्या पुढं गेल्या.