ओहोटीपुरतं

इनास म्हणाला, साडेअकराला पाणी फिरतं,
त्याआधी परत.
मनोरीच्या खाडीतून वीस मिनिटं, मग तिवरं संपतात
आणि वाळूचा एक पट्टा पाठ तेवढी वर काढून पडलेला,
डुंबणाऱ्या म्हशीसारखा.
नाव विचारलं तर म्हणाला, नाव कशाला,
दरसाल चार पावलं सरकतो तो,
हाक मारेस्तोवर जाग्यावर नसतो.

सावली नाही. नळ नाही.
वनखात्याची पाटी खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेली,
'प्रवेश' एवढंच उरलंय, पुढचं गेलंय.
आमच्याकडे चिठ्ठी होती, पक्षी मोजायची.
पलीकडे धुरकट बोरिवली, तिचे टॉवर
इथून उथळ पाण्यात पाय बुडवून उभे,
कुणी टाळी वाजवली तर उडतील असे.

शेकाटे चौदा. कुरल दोन.
सुरय, एका जागी थांबतील तर ना.
पस्तीस वर्षं हेच केलं मी. झोपड्या मोजल्या,
दारांवर खडूनं आकडे घातले.

मग पायापुढून ती निघाली,
मूठभर चिखल्याची मादी, एक पंख वाळूवर ओढत,
लंगडत, पडत, मागे बघत.
इनास हसला. ढोंग हाय, सायेब.
अंडी तुमच्या डाव्या बुटाशी.
होती. तीन. भरतीच्या रेषेच्या हातभर वर,
वाळूच्याच रंगाची,
कुणी टाक झटकावा तसे ठिपके.

ठाऊक असून गेलो तिच्यामागे,
फसलेल्या माणसासारखा, बराच लांब,
ती धडधाकट उडून जाईपर्यंत.

टेबलासमोर उभी राहायची माणसं.
प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, पाय ओढत आलेली,
आवाज ओढत बोलणारी.
मला वाटायचं, नाटक. असेलही.
त्यांच्या मागे, पावलाच्या अंतरावर काय होतं
त्याला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.
'अपात्र' लिहायला तीन सेकंद लागतात.
शिक्का वेगळा.

पाणी कडेकडेनं चढू लागलं, आवाज न करता.
होडीत पाय टाकताना इनास म्हणाला, बूट झाडा,
इथली वाळू इथंच राहू द्या.
झाडले. मोजेही काढून झाडले.

वहीत चिखल्यांसमोरची जागा कोरी.
इनास वल्ह्यावर, मी उलट्या तोंडानं बसलेला.
एव्हाना ती परत येऊन बसली असणार.
इतक्या लांबून वाळू
नुसती वाळू दिसत होती.